गणपतीच्या डोळ्यांचा राक्षस

आमच्या गावच्या राक्षसाला लहान मूलसुद्धा कधी भ्याले नाही. लाल तोंड, कानांपर्यंत गेलेल्या मिशा, ओठांबाहेर आलेले सुळे, असा सगळा सरंजाम असूनही शिमग्यात तो अंगणात उतरला की पोरे मागे हटण्याऐवजी त्याच्याजवळ सरकत. त्याला कारण होते त्याचे डोळे. अर्धे मिटलेले, किंचित खाली झुकलेले आणि समोरच्याला ‘ये, बस’ म्हणणारे ते डोळे गणपतीचे होते. ते तसे असावेत अशी कुणाची योजना नव्हती. चंद्रावतीकाकीच्या हाताला दुसरे डोळे येतच नव्हते.

काकीचे माहेर पेणजवळ, हमरापूरच्या बाजूला. तिथे घरोघरी गणपतीचे कारखाने. घरातल्या मुली चालू लागल्या की त्यांच्या हाती ब्रश येई, पण कामाला उतरंड असे. आधी उंदीर आणि पाट रंगवायचा, मग पितांबर, मग शेला, मग दागिन्यांचे सोनेरी काम. डोळ्यांच्या रेषेला तिकडे आखणी म्हणतात, आणि आखणी सर्वांत शेवटी, ज्याचा हात ठरला आहे त्याच्याच वाट्याला येते. काकी लग्नाआधीच आखणीला बसू लागली होती. वडील तिच्या शेजारी उभे राहून म्हणत, “श्वास धर, मग रेघ सोड.” त्या हंगामांत किती घरांतल्या गणपतींनी तिच्या रेषेतून जगाकडे पाहिले असेल, याचा हिशेब तिने ठेवला नव्हता, पण भाद्रपदात कुठल्याही घरी गेली की ती आधी मूर्तीचे डोळे पाही आणि मग पाया पडे.

लग्न होऊन ती रोह्याच्या पुढे, कुंडलिकेच्या काठच्या आमच्या गावी आली. नवरा कंपनीत शिफ्टला जाई. इथे भाताची शेते होती, हिवाळ्यात वालाचे पीक होते, पण कारखाना नव्हता. शिकलेला हात रिकामा राहिला की तो स्वस्थ बसत नाही. काकीने चुलीच्या कोळशाने भिंतीवर डोळे काढले, हळदीच्या बोटाने नारळावर काढले. एका वर्षी सासऱ्यांनी तिला बुजगावण्याच्या मडक्यावर तोंड काढायला सांगितले. आठवडाभरात त्या बुजगावण्याच्या खांद्यावर साळुंक्या बसू लागल्या. सासरे बांधावरून ओरडले, “सूनबाय, पाखरांना हाकलायचं व्हतं, दर्शनाला बोलवायचं नव्हतं!” ही गोष्ट गावात पुढे अनेक वर्षे सांगितली गेली, आणि सांगताना सर्वांत मोठ्याने काकीच हसत असे.

पुढे तिला शाळेत खिचडी शिजवण्याचे काम मिळाले. आमच्या शाळेत दोन ठिकाणची मुले येत. एक गाव, आणि दुसरी ओहोळापलीकडची वाडी. वाडीवर पिढ्यान्‌पिढ्या राहणारी कातकरी कुटुंबे. ती आता गावच्या शेतांवर आणि वीटभट्ट्यांवर मजुरी करतात. शाळेच्या पडवीत सगळी मुले एकाच पंगतीला बसत. काकीला प्रत्येकाचे नाव माहीत होते, कोणाला तिखट चालत नाही तेही माहीत होते. शाळा सुटली की ती पंगत मोडे, आणि वयात येईपर्यंत तीच मुले ओहोळाच्या दोन काठांवरून एकमेकांना ओळख न दाखवता जाऊ लागत. “खिचडी पचली का काय तुमची?” असे ती रस्त्यात एखाद्या मोठ्या झालेल्या मुलाला टोकत असे. त्याला ते कळत नसे.

एका गोष्टीने मात्र गाव आणि वाडी पूर्वापार बांधलेली होती, ती म्हणजे शिमग्याची सोंगे. गावाकडे सोंगे होती आणि वाडीकडे ढोल होता. मुखवटा चढवलेल्या माणसाला आमच्याकडे सोंग म्हणतात, आणि सोंगाचा एक कडक नियम आहे. सोंगाला नाव नसते. मुखवटा उतरेपर्यंत सोंग बोलत नाही, त्याला कोणी नावाने हाक मारत नाही, ‘कोणाचा रे तू’ असे विचारत नाही. फेरी संपली की नदीवर जाऊन मुखवटे उतरवायचे, तोंड धुवायचे, मग पुन्हा आपापले नाव घ्यायचे. पहिल्या अंगणाचा मान गावातल्या वडीलधाऱ्या हैबतरावांच्या घराला होता. तिथे देवाच्या सोंगाला ओटीवर घेत, पाटावर उभे करून त्याच्या पायांवर तांब्याभर पाणी घालत. राक्षस आणि वाघ खाली अंगणातच नाचत. देव गावातले होत, राक्षस आणि वाघ वाडीचे होत. हे कोणी ठरवले ते कोणाला आठवत नव्हते, त्यामुळे ते बदलायचे कोणाकडून हेही कोणाला माहीत नव्हते.

मग एका शिमग्याला हैबतरावांच्या अंगणातच तो नियम मोडला. राक्षस नाचता नाचता ओटीच्या पायरीला टेकला, एवढेच निमित्त झाले. हैबतरावांच्या पुतण्याने, जितेशने, पुढे होऊन त्याचा पुठ्ठ्याचा मुखवटा ओढून काढला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, “काळू, खाली हो.” काळू वाडीचा ढोलकरी, त्या वर्षी हौसेने सोंग घेऊन आला होता. मुखवट्याशिवाय तो अंगणात क्षणभर उभा राहिला आणि निघून गेला. त्याच्यामागून ढोल गेला. जितेश तेव्हा मिसरूड फुटण्याच्या वयाचा होता, आणि हैबतरावांनी त्याला घरात नेऊन काय ऐकवले ते बाहेर आले नाही. पण बाहेर, चारचौघांत, तेही काही बोलले नाहीत. पुढच्या वर्षी गावाने रोह्याहून डीजे आणला. त्याच्या आवाजाने कौले हलली, पण सोंगांचे पाय पडेनात.

काही वर्षे अशीच गेली. काकीने ज्या मुलांना खिचडी वाढली होती ती आता मोठ्या वर्गांत गेली होती. एका जानेवारीत तिने आपला रिकामा गोठा सारवून घेतला आणि निरोप दिला की, शिमग्याचे मुखवटे शिकायचे असतील त्यांनी संध्याकाळी यावे, गावाने यावे आणि वाडीनेही यावे. गावातून समीक्षा आली, निशिगंधा आली, शेवटी कुतूहलाने जितेशही आला. वाडीवरून रमेश आणि गोरख आले, आणि काळूची पुतणी पारी आली. ती आली ती दारातच उभी राहिली.

“काका म्हणतो, बघून ये. बसू नको,” ती म्हणाली.

“मग उभ्याउभ्या कागद फाड,” काकी म्हणाली. “उभ्यानं फाटतो तो.”

त्या गोठ्याचा वास आजही आठवतो. नदीकाठच्या चिकणमातीचे घडवलेले तोंड, त्यावर चढणारे वर्तमानपत्रांचे थर, किडीसाठी मोरचूद घालून शिजवलेली निळसर खळ, आणि वर लावायची खडूची भुकटी. काकीने तिथे एक पद्धत लावली. तिच्या माहेरी साच्यातून मूर्तीची पुढची बाजू आणि मागची बाजू वेगळी निघे. दोन्ही जोडताना सांधा दिसला तर वडील ती मूर्ती परत करायला लावत. काकीने मुखवटा उभा वाटला. उजवा गाल गावच्या हाताचा, डावा गाल वाडीच्या हाताचा, आणि सांधा नाकावर. नाकावरून रोज भांडण होई.

“तुझ्या बाजूचा गाल सुजलाय गो,” समीक्षा पारीला म्हणे.

“तुझी बाजू उपाशी हाय. खिचडी कमी पडली काय?”

“काकी, ही बघा!”

“मी नाकाचं बघते,” काकी म्हणे. “गालाचं तुमचं तुम्ही.”

समीक्षा आणि पारी यांच्या वाट्याला राक्षस आला होता. तो खरोखरच एका बाजूला सुजलेला आणि दुसऱ्या बाजूला वाळलेला निघाला, पण सांधा दिसत नव्हता. मग सगळे मुखवटे भिंतीला टेकवून काकी आखणीला बसली. मारुती, शंकर, वाघ, म्हातारी, शेवटी राक्षस. ती उठली तेव्हा गोठ्यात हशा पिकला.

“काकी,” जितेश म्हणाला, “हा राक्षस हाय का मामा आलाय सुट्टीला?”

“खाईल का मोदक देईल?” गोरखने भर घातली.

काकीने डोके तिरके करून पाहिले. “व्हय रे,” ती म्हणाली, “जरा बिघडलाय खरा.”

सोंगे कोणी घ्यायची हा प्रश्न आला तेव्हा मात्र हसणे थांबले. गावातून निरोप आला की पूर्वीसारखेच व्हावे. देव गावाने घ्यावेत, राक्षस आणि वाघ वाडीने. वाडीवरून काळूचा निरोप आला. तसे असेल तर पोरे येणार नाहीत आणि ढोलही येणार नाही. काकीने यावर उपाय काढला. सगळे मुखवटे एका पोत्यात घालायचे, आणि डोळे मिटून ज्याच्या हाताला जो येईल तो त्याचा. शिवाय आमच्याकडे सोंग नेहमी पायांवरून ओळखले जाते, म्हणून सर्वांनी गुडघ्यापर्यंत नदीचा चिखल माखायचा. पण या सगळ्याला अर्थ तेव्हाच होता, जेव्हा पहिले अंगण उघडे राहील. हैबतरावांनी दार लावले असते तर त्यांच्यामागे गावातल्या एकाही घराने सोंगांना अंगणात घेतले नसते, आणि गोठ्यात एकाच मुखवट्यावर बसलेले ते हात पुन्हा ओहोळाच्या दोन बाजूंना गेले असते. बहुधा कायमचे.

म्हणून काकी हैबतरावांकडे गेली. ते ओटीवर सुपारी कातरत बसले होते. गावच्या सुनेने वडीलधाऱ्यांना मामा म्हणायचे, या रीतीने ती पायरीखाली उभी राहून म्हणाली, “मामा, यंदा सोंगं एकत्र निघतात. पहिलं अंगण तुमचं.”

“पोत्यातनं देव काढणार म्हणे तू.”

“मूर्त्या तरी कशातनं येतात, मामा? पेंढ्यातनंच येतात.”

“तोंड लय चालतं तुझं.” त्यांनी सुपारीचे खांड तोंडात टाकले. “आणि तो तुझा राक्षस. पोरं हसतात त्याला. राक्षस राक्षसावाणी दिसाया नको? आधी त्याचे डोळे नीट कर, मग माझ्या अंगणात आण.”

हा होकार होता की नकार, हे तिला कळले नाही. तिने तो होकार समजला. घरी येऊन तिने राक्षसाच्या डोळ्यांवर खडूचा हात दिला आणि नवीन रेषा ओढली. वटारलेल्या डोळ्यांनी सुरुवात होई, पण पापणीपाशी आली की रेषा आपोआप खाली वळे. तिने पुन्हा पुसले, पुन्हा काढले. समीक्षा आणि पारी तिच्या दोन बाजूंना बसून पाहत होत्या.

“काकी, मी काढू?” पारीने विचारले.

“काढ.”

पारीने ब्रश घेतला, मुखवट्याकडे पाहिले आणि परत दिला. “नको. ह्याला आता तेच शोभतात.”

शिमग्याच्या संध्याकाळी, दिवेलागणीच्या आधी, ओहोळाकडून ढोल ऐकू आला. काळू आला होता, पण अंगणात शिरला नाही. कुंपणाच्या बाहेर, आंब्याखाली, पट्टा गळ्यात घालून उभा राहिला. हैबतराव ओटीवर खुर्ची टाकून बसले होते. शेजारी गुणाजी होता. त्याचे घर लागूनच, आणि कोणाच्याही अंगणातली कोणतीही गोष्ट चुकू न देण्याचा त्याचा स्वभाव. सोंगे गोणपाट, पेंढा आणि जुनी घोंगडी पांघरून, गुडघ्यापर्यंत चिखलाने माखून आत आली. कोणते सोंग कोणाचे, हे त्यांच्या आयांनाही कळत नव्हते. काकी रिकामे पोते काखेत घेऊन कुंपणाच्या फाटकापाशी थांबली.

हैबतरावांच्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू उतरला होता, आणि ते कोणाला सांगायला तयार नव्हते. कलत्या उजेडात त्यांना लाल रंग दिसला असेल, नसेल. सर्वांत पुढचे सोंग पायरीपाशी आले, त्याने मान वर केली, आणि त्यांना ते डोळे दिसले. ते खुर्चीतून उठले. त्यांनी हात जोडले.

“ये देवा, ये,” ते म्हणाले. “मालू, पाणी आण गो.”

मागची सोंगे जागीच थांबली. गुणाजीला राहवले नाही. “दादा, काय करता? देव मागं हाय. हा राक्षस हाय, राक्षस!”

हैबतरावांचे हात तसेच जोडलेले राहिले. ते हात सोडतील की काय, याकडे सगळे पाहत होते, कुंपणाबाहेरचा काळूही. राक्षस पायरीखाली थांबला होता. याच पायरीपाशी पूर्वी काय झाले ते त्यालाही ठाऊक होते.

“मला दिसतंय,” हैबतराव म्हणाले. “जोडलेले हात आता सोडू काय? पाट मांड.”

त्यांची सून मालू तांब्या आणि पाट घेऊन आली. राक्षस पायरी चढला आणि पाटावर उभा राहिला. मालूने वाकून पाणी घातले. चिखल वाहून गेला, आणि खालून एक बारीक घोटा निघाला. त्याला काळा दोरा होता आणि दोऱ्यात एक निळा मणी. आषाढात मालू आणि पारी एकाच शेतात लावणीला वाकलेल्या होत्या. तो मणी मालूने दिवसभर पाण्याखाली पाहिला होता. तिने वर पाहिले. आणि शेतात बांधावर बोलावे तसे तिच्या तोंडून निघून गेले, “दुसरा पाय पुढं घे गो.”

‘गो’ हा शब्द आमच्याकडे बाईमाणसालाच लागतो. सोंगात मुली कधी नसत. राक्षस मुलगी आहे, हे त्या एका अक्षराने सगळ्या अंगणाला सांगितले, आणि गावच्या मुली तर पलीकडे ओटीला टेकून मुखवट्याशिवाय उभ्या होत्या. म्हणजे ही वाडीची, हे कोणी बोलण्याची गरज उरली नाही. मालूने तांब्या उचलून धरला. फाटकापाशी काकीने श्वास धरला; आखणी करताना धरायची तसा.

“मालूनं ओळखलं काय?” गुणाजीने विचारले. “कोण हाय गो ती?”

हैबतरावांनी त्याच्याकडे मान वळवली. “गुणाजी, सोंगाला नाव इचारतात काय? ह्याच अंगणात एकदा इचारलं, मग सगळा शिमगा मुका झाला.” इतक्या वर्षांनी ते पहिल्यांदा चारचौघांत हे बोलत होते. मग सुनेकडे वळून म्हणाले, “आणि ‘गो’ काय कुणाचं नाव नाय. घाल पाणी.”

राक्षसाने दुसरा पाय पुढे घेतला. पाणी पायांवरून पाटावर आणि पाटावरून ओटीच्या शेणसारवणावर उतरले. काळूने ढोलावर पहिली थाप टाकली ती कुंपणाबाहेरच. दुसरी टाकेपर्यंत तो अंगणात होता.

त्या संध्याकाळी सोंगे ओहोळ ओलांडून वाडीवरही गेली. तिथे काळूने आपल्या झोपडीपुढे एक फळकुट टाकले आणि वाघाला त्यावर उभे केले. वाघाची चाल त्याने ओळखली होती. त्याने त्या पायांवर पाणी घातले, जरा जास्तच, आणि म्हणाला, “थंडीनं वाघ कापतोय बघा.” वाघ खरेच कापत होता. नदीवर मुखवटे उतरले तेव्हा जितेशने वाघ काढून बगलेत धरला आणि काळूच्या शेजारी बसून तोंड धुतले. दोघे बोलले की नाही, ते ढोलाच्या आवाजात ऐकू आले नाही.

त्यानंतर बरेच शिमगे गेले. गोठ्यातली ती मुले आता पांगली आहेत. समीक्षा पेणला असते. जितेश शिफ्ट बदलून घेऊन शिमग्याला येतो. पारी धरमतरच्या बाजूला दिली, पण जानेवारीत माहेरी येते आणि गोठा सारवते. गाव आणि वाडी यांच्यात सगळे आलबेल झाले असे मी म्हणणार नाही. पाण्यावरून आणि मजुरीवरून अजून तोंडातोंडी होते. पण ती समोरासमोर होते, ओळख दाखवून होते, आणि ढोल कोणाचा हा प्रश्न त्यात येत नाही.

हैबतरावांनी पुढे डोळ्यांची शस्त्रक्रिया करून घेतली. काळा चष्मा उतरल्यावर ते एकदा दुपारचे काकीच्या गोठ्यात आले. राक्षस खुंटीला टांगलेला होता. ते त्याच्यासमोर बराच वेळ उभे राहिले.

“ह्याला मी हात जोडले?”

“व्हय, मामा.”

“डोळे चुकलेत गो तुझे.”

“व्हय, मामा. सुधारू का?”

“राहू दे,” ते म्हणाले. जाताना फाटकापाशी थांबून त्यांनी हळूच विचारले, “कोण व्हती गो ती?”

“मामा,” काकी म्हणाली, “सोंगाला नाव इचारतात काय?”

ते हसत घरी गेले, आणि ही गोष्ट त्यांनीच गावभर केली.

दोन्ही माणसे आता नाहीत. काकी गेली त्या वर्षीचे मुखवटे तिच्या आखणीशिवाय राहिले होते. पारीने ते पुरे केले. तिची रेषा काकीइतकी सुटी नाही. डावा डोळा जरा वर जातो, पण पापणीपाशी येऊन खाली वळतोच. आणि शिमग्याच्या संध्याकाळी ओहोळाकडून ढोल ऐकू आला की पहिल्या अंगणात मालू अजूनही उठते आणि ओटीवर पाट मांडते. पूर्वी देव पायरी चढल्यावर पाट मांडला जाई. आता तो आधीच मांडलेला असतो. पहिले जे सोंग येईल, त्याचा.